एका यंत्राला दोन ड्रायव्हर

जुन्या संगणकावर लिनक्स घालणाऱ्या कुटुंबांसाठी आणि अभ्यासिकांसाठी उपयुक्त माहिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ प्रत्येक जुन्या संगणकावर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि साधारणपणे २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर तिच्या मान्य यादीत बसत नाहीत. त्यामुळे कचेऱ्यांमधून चांगले चालते संगणक केवळ 'जुने झाले' म्हणून बाहेर पडतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीतून असा एखादा संच आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी येतो. कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन जुना संच स्वस्तात उचलून आणतो. कोणाचे साहेब अभ्यासिकेला चार संच देणगी म्हणून देतात.

अशा संगणकावर लिनक्स घालावे, हा सल्ला योग्यच आहे. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि ते जुन्या यंत्रावरही हलके चालते. परंतु लिनक्स घातल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. "सगळं चालतंय, पण इंटरनेटच लागत नाही." कुठे वायफाय दिसत नाही, कुठे पडदा काळा राहतो, कुठे प्रिंटर कागद ओढत नाही. मग आई-वडील तो संच दुकानात घेऊन जातात. दुकानदार पाच मिनिटे पाहतो आणि सांगतो, "मावशी, कार्ड गेलंय. नवीन टाकावं लागेल."

कधी कधी कार्ड खरेच गेलेले असते. पण पुष्कळदा ते शाबूत असते आणि भांडण वेगळेच असते. एका कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगत असतात, किंवा दोघांच्या भांडणात कार्डाला एकही ड्रायव्हर उरलेला नसतो. हे भांडण ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. शांतपणे वाचता आले आणि दोन-तीन ओळी वहीत उतरवता आल्या की पुरे.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

संगणकाच्या आत अनेक सुटी यंत्रे असतात. इंटरनेटची वायर जेथे लागते ते नेटवर्क कार्ड, वायफायचे कार्ड, पडद्यावर चित्र उमटविणारे ग्राफिक कार्ड, आवाजाची चिप. या प्रत्येकाची बोली निराळी. ऑपरेटिंग सिस्टिमला ती बोली येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. हा फौजेतला कर्नल नव्हे. दाण्याच्या आतला गर, या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली हा कर्नल लिहायला घेतला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. खुला म्हणजे त्यातील मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर या कर्नलसोबतच येतात. जेव्हा ज्याची गरज पडते तेव्हा तो ड्रायव्हर आत ओढला जातो. अशा सुट्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात.

आता कोणत्या यंत्राला कोणता ड्रायव्हर द्यायचा हे कर्नलला कळते कसे? प्रत्येक कार्डावर दोन क्रमांक कोरलेले असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या मालाचा. कचेरीत आवक टपालावर क्रमांक पडतो, तसेच हे समजा. इंटेलचा क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई, ब्रॉडकॉमचा १४ई४. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपण कोणकोणते क्रमांक सांभाळू शकतो याची यादी असते. संगणक सुरू होताना कार्डाचा क्रमांक पुकारला जातो आणि ज्याच्या यादीत तो क्रमांक आहे तो ड्रायव्हर पुढे येतो.

अडचण तेव्हा होते, जेव्हा दोघांच्या यादीत एकच क्रमांक असतो.

आपल्याकडे एकच रिक्षा दोघे चालवतात, एक दिवसपाळीला आणि एक रातपाळीला. किल्ली एकच असते, पण पाळ्या ठरलेल्या असल्यामुळे भांडण होत नाही. लिनक्समध्ये पाळ्या नाहीत. पुकारा झाला की दोघेही ड्रायव्हर स्टँडवर हजर होतात. जो आधी पोहोचून किल्ली लावतो आणि गाडी सुरू करून दाखवतो, गाडी त्याची. दुसरा संगणकाच्या स्मृतीत नुसता बसून राहतो. पहिल्याने किल्ली सोडली तरच दुसऱ्याला ती मिळते. पहिला ड्रायव्हर चांगला असेल तर काही बिघडत नाही. पण त्या गाडीची नीट माहिती नसलेला ड्रायव्हर आधी पोहोचला, तर गाडी धक्के खात चालते किंवा जागेवर उभी राहते.

दोघे आले कोठून?

एक ड्रायव्हर पुरेसा असताना दुसरा कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की पूर्वी अनेक कंपन्या आपल्या कार्डाची माहिती कोणाला देत नसत. तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी कार्ड कसे वागते याचे निरीक्षण करून स्वतः ड्रायव्हर लिहिले. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांसाठी असाच 'नूव्हो' नावाचा ड्रायव्हर तयार झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या कर्नल २.६.३३ मध्ये त्याला जागा मिळाली. दुसरीकडे कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हरही होताच. झाले दोन.

दुसरे कारण असे की कंपनी कधी कधी आपला ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर वेगळा वाटते, आणि त्याच कार्डासाठी कर्नलच्या आतही एक ड्रायव्हर असतो. रिअलटेकचे साधे नेटवर्क कार्ड याचे उत्तम उदाहरण. कर्नलमध्ये 'आर ८१६९' नावाचा ड्रायव्हर आहे. रिअलटेक कंपनीने वाटलेला 'आर ८१६८' हा वेगळा. स्वस्त मदरबोर्डवर सर्रास आढळणारे १०ईसी:८१६८ या क्रमांकाचे कार्ड दोघेही आपले म्हणतात.

तिसरे कारण म्हणजे स्थित्यंतर. जुन्या ड्रायव्हरच्या जागी नवा लिहिला जातो, पण नवा पुरता तयार होईपर्यंत जुन्याला काढता येत नाही. मधल्या काळात दोघेही घरात नांदतात.

एका अभ्यासिकेतील हकिगत

कल्याण पूर्वेतील एका अभ्यासिकेत देणगीदाखल पाच संच मिळाले होते. सर्वांवर लिनक्स होते. सर्व ठीक चालले असताना एके दिवशी नेहमीचे अपडेट झाले आणि पाचांपैकी दोन संचांचे इंटरनेट बंद पडले. नेमके त्याच आठवड्यात मुलांचे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू होते. शेवटची तारीख जवळ आली होती. दुरुस्तीवाला आला, वायर काढून लावून पाहिली आणि म्हणाला, "दोन्हींचे लॅन पोर्ट उडालेत, कार्डं टाकावी लागतील." अभ्यासिकेच्या चिटणीसांनी वर्गणीच्या हिशोबाची वही काढली.

तेथे डिप्लोमाला शिकणारी एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, "काका, दोन पोर्ट एकाच दिवशी कसे उडतील? आणि दिवा तर लुकलुकतोय." बोलणे साधे होते, पण त्यात तर्क होता. कार्ड मेले असते तर एकाच अपडेटनंतर, एकाच वेळी, दोन वेगळ्या संचांत कसे मेले असते?

तिने कार्डाची नोंद पाहिली. कार्ड संगणकाला दिसत होते, पण ते कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे ही ओळच नव्हती. रिक्षा स्टँडवर उभी, ड्रायव्हर कोणीच नाही! शोधता शोधता उलगडा झाला. संच ज्या कचेरीतून आले तेथे कोणीतरी पूर्वी या दोन संचांवर कंपनीचा 'आर ८१६८' घातला होता. तो घालताना कर्नलचा 'आर ८१६९' काळ्या यादीत टाकला गेला होता, म्हणजे त्याला स्टँडवर यायला बंदी घातली होती. हे तेव्हा बरोबरच होते. परंतु कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते. या वेळी अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि जुना 'आर ८१६८' त्याच्यासाठी घडला नाही. एक ड्रायव्हर घडला नाही आणि दुसऱ्यावर बंदी. मग गाडी चालवणार कोण?

त्या दिवशी मुलांचे अर्ज थांबले नाहीत. एकाचा मोबाइल यूएसबी वायरने संगणकाला जोडला, मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केले आणि तेवढ्यापुरते इंटरनेट मिळाले. नंतर 'आर ८१६८' चे पॅकेज काढून टाकले, त्याच्यासोबत बंदीची ओळही गेली, संच पुन्हा सुरू केले. कर्नलचा स्वतःचा 'आर ८१६९' आला आणि दोन्ही पोर्ट चालू झाले. खर्च शून्य. वर्गणीची वही पुन्हा कपाटात गेली.

आधी पाहावे, मग हात लावावा

ही हकिगत सांगण्याचा हेतू एवढाच की शोधाची रीत सर्वांना कळावी. खाली दिलेल्या आज्ञा लिनक्सच्या टर्मिनल नावाच्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली आज्ञा 'एलएसपीसीआय -एनएनके'. म्हणजे एल, एस, पी, सी, आय ही अक्षरे जोडून, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून एन, एन, के. ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त यादी दाखवते. म्हणून ती द्यायला घाबरू नये. यादीत प्रत्येक कार्डाचे नाव, चौकटी कंसात दोन क्रमांक आणि खाली दोन महत्त्वाच्या ओळी येतात. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ सांगते की किल्ली आत्ता कोणाकडे आहे. 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ सांगते की या कार्डावर कोणाकोणाचा हक्क आहे.

या दोन ओळींवरून निदान होते. पहिल्या ओळीत नाव आहे आणि कार्ड नीट चालते आहे, तर कशालाही हात लावू नये. दुसऱ्या ओळीत दोन नावे आहेत आणि कार्ड रडत-खडत चालते आहे, तर दोघांचा वाद आहे असे समजावे. पहिली ओळच नाही पण दुसरीत नाव आहे, तर ड्रायव्हर आहे परंतु त्याला बंदी आहे किंवा त्याला सुरू होता आले नाही. दोन्ही ओळी नाहीत, तर त्या कार्डाचा ड्रायव्हर संगणकात नाहीच. चारही बाबतींत उपाय वेगळा, म्हणून आधी निदान.

बाहेरून लावलेल्या यूएसबी वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी -टी' ही आज्ञा आहे. तीही कोणाच्या ताब्यात काय आहे ते दाखवते.

ड्रायव्हर घरचा की बाहेरचा हे पाहायचे असेल तर 'मॉडइन्फो' आणि पुढे ड्रायव्हरचे नाव लिहावे. पहिल्याच ओळीत त्याचा पत्ता येतो. पत्त्यात 'कर्नल/ड्रायव्हर्स' असेल तर तो कर्नलसोबत आलेला. 'अपडेट्स/डीकेएमएस' असेल तर तो बाहेरून घातलेला.

त्यानंतर 'सुडो डीमेसेज' ही आज्ञा द्यावी. लिहिताना सुडो हा शब्द, एक जागा, मग डी, एम, ई, एस, जी. ही आज्ञा म्हणजे कर्नलची रोजनिशी. त्यात ड्रायव्हरचे नाव शोधावे. 'फर्मवेअर' सापडले नाही अशी ओळ असेल तर ड्रायव्हरचे भांडण नसून कार्डाला लागणारी एक छोटी फाइल नाही, एवढेच. ती फाइल घातली की काम होते. पुष्कळ लोक हे न पाहता एकामागून एक ड्रायव्हर घालत सुटतात, आणि एका ड्रायव्हरच्या जागी तीन करून ठेवतात.

एकाला बसवावे, दुसऱ्याला थांबवावे

वाद आहे हे नक्की झाले की आधी तात्पुरती परीक्षा घ्यावी. 'सुडो मॉडप्रोब -आर' आणि पुढे पहिल्या ड्रायव्हरचे नाव लिहिले की तो किल्ली सोडतो. मग 'सुडो मॉडप्रोब' आणि पुढे दुसऱ्याचे नाव लिहिले की दुसरा येतो. कार्ड चालू झाले तर आपला अंदाज खरा ठरला. नाही झाले तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, सगळे पूर्ववत होते. ही परीक्षा नेटवर्क किंवा वायफायवर करावी. ग्राफिक कार्डावर चालू पडद्यातून करू नये, पडदाच जाईल.

परीक्षा यशस्वी झाली तरच कायमची व्यवस्था करावी. 'ईटीसी' या फोल्डरमध्ये 'मॉडप्रोब.डी' नावाचे फोल्डर आहे. त्यात 'कॉन्फ' हे शेपूट असलेली एक नवी फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहावी. 'ब्लॅकलिस्ट', एक जागा, आणि नको असलेल्या ड्रायव्हरचे नाव. नंतर उबुंटू, मिंट किंवा डेबियन असेल तर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. ही शेवटची आज्ञा महत्त्वाची आहे. संगणक सुरू होताना अगदी आरंभी एक छोटी शिदोरी उघडली जाते. काही ड्रायव्हर त्या शिदोरीतच बांधलेले असतात. शिदोरी नव्याने बांधली नाही तर बंदीची ओळ लिहूनही जुना ड्रायव्हर आत शिरतो, आणि आपल्याला वाटते की सांगितलेले सर्व खोटे आहे.

काळ्या यादीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. ती फक्त पुकाऱ्यावर आपोआप येणाऱ्याला अडवते. दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने त्याला मदतीला बोलावले, तर तो येतोच.

कोठे कोठे गाठ पडते

वायफाय : डेल, एचपी यांच्या अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम कंपनीचे वायफाय असते. त्यातील १४ई४:४७२७ हे कार्ड कर्नलमधला 'बीआरसीएमएसमॅक' सांभाळतो आणि कंपनीचा 'डब्ल्यूएल' सुद्धा. १४ई४:४३१५ या कार्डावर स्वयंसेवकांनी लिहिलेला 'बी४३' आणि पुन्हा तोच 'डब्ल्यूएल' हक्क सांगतात. येथे एक फसगत होते. 'इन यूज' या ओळीत यांपैकी कोणाचेच नाव नसते, तर 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' असे काहीतरी दिसते. तो स्वतः वायफाय चालवत नाही, तो 'बीआरसीएमएसमॅक' सारख्यांचा मुकादम आहे. 'डब्ल्यूएल' ला जागा द्यायची असेल तर मुकादमालाही थांबवावे लागते. म्हणूनच 'डब्ल्यूएल' चे डेबियनमधील पॅकेज त्या सर्वांना एकदम काळ्या यादीत टाकते. ते पॅकेज पुढे काढून टाकले तर ती यादीही गेली ना, हे तपासावे.

ग्राफिक कार्ड : एनव्हिडियाच्या कार्डावर 'नूव्हो' आणि कंपनीचा 'एनव्हिडिया' एकत्र नांदत नाहीत. कंपनी ठरावीक वर्षांनी जुन्या कार्डांचा आधार काढून घेते. त्यामुळे जुन्या कार्डाला कंपनीचा नवा ड्रायव्हर घातला की पडदा काळा होण्याचा संभव असतो. अर्ज भरणे, टायपिंग, व्हिडिओवरचे पाठ पाहणे एवढेच काम असेल तर 'नूव्हो' पुरेसा आहे.

यूएसबी डोंगल : काहीशे रुपयांत मिळणारे वायफायचे डोंगल लावले आणि संगणकाने ते सीडी म्हणून दाखवले, असे होते. हे डोंगल दोन सोंगे घेते. आधी ते विंडोजचा ड्रायव्हर भरलेली सीडी बनून येते, आणि साठवणुकीचा ड्रायव्हर त्याला ताब्यात घेतो. ती सीडी 'इजेक्ट' केली किंवा 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्रॅम असला, की ते खऱ्या रूपात येते. रिअलटेकच्या डोंगलबाबत 'एलएसयूएसबी' च्या यादीत ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक दिसला तर ते सोंगात आहे असे समजावे. डोंगल खराब म्हणून परत करायला स्टेशनजवळच्या दुकानात धावू नये.

प्रिंटर : एकाच प्रिंटरची नावे यादीत दोनदा दिसतात. एक नवीन पद्धतीचे, ज्यात 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा प्रिंटरची यूएसबी वाट आपल्या ताब्यात घेते. दुसरे कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरचे, ज्याला मग वाटच मोकळी मिळत नाही. दोन्ही नावांवर एकेक पान पाठवून पाहावे. ज्या नावावर छापले जाते ते ठेवावे, दुसरे काढावे.

कोणता ठेवावा?

कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे चांगलाच, असे आपल्या मनात बसलेले असते. विंडोजच्या जगात ते बऱ्याच अंशी खरे आहे. लिनक्समध्ये साधा नियम उलटा आहे. कर्नलसोबत आलेला ड्रायव्हर काम करत असेल तर तोच ठेवावा. कर्नल बदलला की त्याच्यासोबत तोही बदलून येतो, त्याला वेगळे घडवावे लागत नाही. बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे घरात ठेवलेला पाहुणा. त्याची सोय दर अपडेटला आपल्याला पाहावी लागते. घरच्या ड्रायव्हरने कार्ड अजिबात चालत नसेल किंवा सारखे तुटत असेल तरच पाहुणा आणावा.

पाहुणा आणताना आणखी एक दरवाजा आड येतो. संगणकात 'सिक्युअर बूट' चालू असेल तर सही नसलेल्या ड्रायव्हरला कर्नल आत घेत नाही. उबुंटूसारख्या प्रणालीत बाहेरचा ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत पुष्कळ जण 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हर घातलेला असूनही चालत नाही, आणि दोष मात्र कार्डाला मिळतो.

आणि अपडेटनंतर बिघडले तर? संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये आधीचा कर्नल सहसा ठेवलेला असतो. तो निवडून पाहावा. जुन्या कर्नलवर कार्ड चालले तर कार्ड जिवंत आहे हे सिद्ध झाले. दुकानदाराला दाखवायला याहून मोठा पुरावा नाही.

वही ठेवा

दुरुस्तीच्या या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ साधन म्हणजे वही. प्रत्येक संचाचे एक पान करावे. वर संचाचा क्रमांक, खाली नेटवर्क, वायफाय आणि ग्राफिक कार्डाचे दोन-दोन क्रमांक, चालू ड्रायव्हरचे नाव, काळ्या यादीत कोणाला टाकले, कोणत्या तारखेला आणि का. आज हे काम ज्याने केले तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला जाईल, किंवा ती मुलगी लग्न होऊन बदलापूरला जाईल. वहीत लिहिलेले असेल तर मागे राहिलेल्यांना अंधारात चाचपडावे लागणार नाही. कल्याणच्या त्या दोन संचांवर 'आर ८१६९ ला बंदी केली' अशी एक चिठ्ठी कोणी चिकटवून ठेवली असती, तर पोर्ट उडाला म्हणायची वेळच आली नसती.

शिकायची इच्छा असणाऱ्यांसाठी सोय आपल्या जवळच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात तयार केलेले आहेत आणि ते विनामूल्य आहेत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली काढली, तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून हे आपल्यासाठी नाही, असे कोणी समजू नये. वर दिलेल्या सर्व आज्ञा मिळून इंग्रजीचे दहा-बारा शब्दही होत नाहीत.

ज्यांच्या घरी पैसा आहे ते कार्ड बदलतील, नाहीतर अख्खा संगणक बदलतील. आपल्या घरात एका कार्डाची किंमत म्हणजे मुलाचा महिन्याचा लोकलचा पास आणि वर दोन वह्या. म्हणून "कार्ड गेलं" हे शब्द ऐकले की खिशात हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. "दादा, हे कार्ड आत्ता कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे? आणि त्याच्यावर आणखी कोणाचा हक्क आहे?" चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडणार नाही. तो खुर्ची ओढून आपल्या शेजारी बसेल आणि यादी उघडेल. आणि ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याला पैसे देण्याची घाई करू नये.